बी कोवळी, फळ पिकलेलं

पीच खाऊन झाल्यावर भाचीने कोय टाकली नाही. नळाखाली धरून ती चोळचोळ धुतली, खाचांत अडकलेले गराचे धागे नखाने काढले आणि कुंडीत बोटभर खोल पुरली. रोज शाळेतून आली की आधी कुंडीपाशी जायची, माती ओली आहे ना ते चाचपून बघायची. बरेच आठवडे गेले. शेवटी तिनेच माती उकरली. कोय होती तशीच होती, फक्त एका बाजूची शिवण उकललेली. आत बदामाच्या आकाराची, काळपट पडलेली नुसती साल. तिने ती बोटांनी दाबून पाहिली. काहीच निघालं नाही. मग माझ्याकडे बघत म्हणाली, ‘‘मावशी, पण फळ तर पिकलं होतं ना?’’

मी ‘‘हो’’ म्हणाले, आणि पुढे काय सांगावं ते सुचेना. फळ पिकलं म्हणजे बी तयार झाली, हे आपण इतकं धरून चाललेलो असतो की त्याबद्दल कधी प्रश्नच पडत नाही. पिकणं म्हणजे झाडाने दिलेली हाक असते : आता या, खा, आणि बी कुठेतरी लांब नेऊन टाका. मग हे पिकणं कुठलं? रंग चढलेला, वास घरभर झालेला, रस मनगटापर्यंत ओघळलेला, आणि जिच्यासाठी हे सगळं केलं ती बीच तयार नाही. तिचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. आमच्या अंगणातल्या, लवकर पिकणाऱ्या जातीच्या त्या पीचच्या झाडावर अजून फळं होती. त्यातलं एक चांगलं पाडाला आलेलं फळ कापलं, कोय काढली आणि शिवणीवर हातोडीचा हलका घाव घातला. ती फारसा विरोध न करता फुटली. आतल्या बीची पांढरी साल पूर्ण आकाराची होती, वरून बघितलं तर बी अगदी भरलेली वाटावी. पण नखाने ती साल चिरली तर आत पारदर्शक, थरथरता, चिकट गर होता. नुसता द्रव. आणि टोकदार बाजूला, त्या द्रवात अर्धवट बुडालेला, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा पांढराशुभ्र अंकुर. दोन इवलीशी दलं एकमेकांवर घट्ट मिटलेली. त्याला अजून कितीतरी वाढायचं होतं. त्याच्याभोवतीचं ते पाणी म्हणजे त्याने पुढे खायचं अन्न होतं, आणि ते खाण्याआधीच फळ पिकून गेलं होतं.

पीचचं फळ एका चालीने वाढत नाही. फूल गळल्यावर पहिले काही आठवडे ते भराभर मोठं होतं, आतल्या पेशी एकाच्या दोन, दोनाच्या चार होत असतात. मग एके दिवशी वाढ थांबल्यासारखी होते. रोज झाडाखाली उभं राहणाऱ्या माणसाला वाटतं की काहीतरी बिनसलंय, पाणी कमी पडलं, खत कमी पडलं. प्रत्यक्षात झाडाचं सगळं लक्ष तेव्हा आत असतं. कोय लाकडासारखी टणक होत असते आणि तिच्या आत बी पोसली जात असते. हे काम उरकलं की तिसरा टप्पा सुरू होतो : पेशी फुगतात, गर भरतो, हिरवा रंग उतरतो. फळाचं बरंचसं वजन या शेवटच्या थोड्या आठवड्यांतच येतं. उशिरा पिकणाऱ्या जातींमध्ये मधला थांबा चांगला लांबलचक असतो. लवकर पिकणाऱ्या जातींमध्ये तो आखडत आखडत इतका लहान होतो की पहिला टप्पा कुठे संपला आणि तिसरा कुठे सुरू झाला हे कळू नये. ‘फ्लॉर्डाप्रिन्स’ ही उष्ण भागातली नावाजलेली जात फुलापासून फळापर्यंतचा प्रवास साधारण ७८ दिवसांत उरकते. उशिराच्या जातींना याच्या जवळजवळ दुप्पट दिवस लागतात.

गराच्या वाट्याचे दिवस कुणी तोडले नाहीत. तोडले ते बीच्या वाट्याचे.

हे कळल्यावर लवकर येणाऱ्या पीचला ‘घाईचं फळ’ म्हणणं मला पटेनासं झालं. लोक सहज म्हणतात, लवकर आलेल्या फळात काय दम असणार. माझ्या मते गर आपलं काम मन लावून करतो. त्याला मिळालेले दिवसच मुळात वेगळ्या हिशोबाचे असतात. आणि तो हिशोब माणसांनी मांडला आहे, झाडाने नाही. झाडावर सोडलं असतं तर ज्याची बी उगवत नाही असं फळ दुसऱ्याच पिढीत संपलं असतं. दक्षिण चीनमध्ये, युन्नान प्रांतातल्या कुनमिंग शहराजवळ २५ लाख वर्षांहून जुन्या पीचच्या कोयी दगड होऊन सापडल्या आहेत. २०१५मध्ये त्यांच्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या हुबेहूब आजच्या कोयींसारख्या आहेत : तीच खोल खाचांची नक्षी, तीच कडेची शिवण. माणूस जन्माला यायच्या कितीतरी आधी कुठल्यातरी प्राण्याने ती फळं खाल्ली आणि कोयी टाकल्या असणार. पुढे यांगत्से नदीच्या खोऱ्यात साधारण ७,५०० वर्षांपूर्वी माणसांनी या झाडांतून आपल्याला हवी ती झाडं निवडायला सुरुवात केली. इतका लांबचा प्रवास केलेलं झाड, आणि त्याचं अगदी अलीकडचं रूप असं की माणसाने हात दिला नाही तर त्याचा वंश पुढे जात नाही.

उष्ण प्रदेशात पीच लावणाऱ्याला आधी हिवाळ्याचा विचार करावा लागतो, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विचित्र वाटतं. पण खरा प्रश्न तिथेच आहे. पानं गळाल्यावर पीचचे डोळे, म्हणजे काडीवरच्या मिटलेल्या कळ्या, झोपतात आणि ठरावीक थंडी अंगावर घेतल्याशिवाय उठत नाहीत. मधेच दोन दिवस ऊन पडलं म्हणून फसून फुलू नये, यासाठी झाडाने ठेवलेला हा पहारा. ही थंडी तासांमध्ये मोजतात. ढोबळमानाने ७ अंश सेल्सिअसच्या खालचे तास. थंड मुलखातल्या जुन्या, नावाजलेल्या जातींना असे ८०० ते १,००० तास लागतात. तेवढे मिळाले नाहीत तर झाड मरत नाही, पण भांबावतं. अशी झाडं मी पाहिली आहेत. एका फांदीवर चार फुलं, दुसरीवर टाचणीच्या डोक्याएवढी फळं, तिसरीवर अजून मिटलेले डोळे आणि मधल्या काड्या नुसत्या उघड्या. फुलांचे डोळे न उमलताच गळून खाली पडतात. पानं इतक्या उशिरा येतात की कोवळ्या सालीवर उन्हाचे चट्टे उठतात. आजारी माणसाकडे बघताना जीव कालवतो, तसंच या झाडाकडे बघताना होतं. माणूस पाणी घालतो, खत घालतो, आणि त्याला हवी असते फक्त थंडी. ती कुठून आणणार?

थंडीचे तास मोजणंही वाटतं तितकं सरळ नाही. १९७४मध्ये अमेरिकेतल्या युटामध्ये ‘रेडहेवन’ आणि ‘एल्बर्टा’ या दोन पीच जातींवर काम करून जो हिशोब मांडला गेला, त्यात उबदार तासांनी आधी साठलेली थंडी वजा होते. म्हणजे रात्री कमावलं आणि दुपारी घालवलं. पुढे १९८७मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांनी दुसरा हिशोब पुढे आणला. त्यात थंडी दोन पायऱ्यांनी साठते : पहिल्या पायरीवर असताना ऊन तिला पुसू शकतं, पण एकदा ती दुसऱ्या पायरीवर गेली की मग कितीही तापलं तरी ती झाडाच्या खात्यात पक्की जमा. ज्यांच्याकडे रात्र गार आणि दुपार कडक असते त्यांना हा दुसरा हिशोब जास्त खरा वाटतो. मलाही वाटतो. झाड दुपारी घाम फुटेल अशा हवेत उभं असतं, पहाटे पानगळीची काडी हाताला गार लागते, आणि तरी वेळ आली की ते फुलतं. या पहाऱ्यामागची गोष्टही पीचनेच शास्त्रज्ञांना सांगितली. मेक्सिकोत पीचचं असं एक झाड मिळालं की ते झोपतच नाही. थंडी येवो न येवो, त्याचे शेंडे वाढतच राहतात. त्याच्या जनुकांमध्ये शोधलं तेव्हा एका ओळीत बसलेल्या सहा जनुकांच्या जागी तुटफूट सापडली. झोपेची जबाबदारी त्या सहा जणांवर होती. न झोपणाऱ्या त्या झाडाची मला आठवण येते तेव्हा थोडं वाईटच वाटतं. विश्रांतीच नाही म्हणजे बहर एकदम, भरभरून येणंही नाही.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण रोप घेताना हमखास गोंधळ होतो तो याच ठिकाणी. कमी थंडीत जागं होणं ही एक गोष्ट आणि लवकर पिकणं ही दुसरी. पहिलीमुळे झाड कधी फुलेल ते ठरतं, दुसरीमुळे फुलल्यावर किती दिवसांत फळ हातात येईल ते. कमी थंडीत फुलणारी पण फळाला चार-पाच महिने घेणारी जात उष्ण भागात लावली, तर तिचं फळ ऐन कडक उन्हात किंवा पावसात सापडतं. तोवर फळमाशीच्या पिढ्यांवर पिढ्या वाढलेल्या असतात, दमट हवेत तपकिरी सड हा बुरशीचा रोगही पसरतो. लवकर येणारं फळ या सगळ्यांच्या आधी निसटून जातं. माशी मोजकी असते तेव्हाच ते पिकतं आणि संपतं. म्हणून उष्ण प्रदेशात दोन्ही गुण एकाच झाडात हवे असतात. असं झाड आपोआप मिळत नाही, जमवून आणावं लागतं.

ते जमवणाऱ्यांत फ्लोरिडा विद्यापीठाचं काम मला सगळ्यांत जवळचं वाटतं. १९५०च्या दशकात राल्फ शार्प यांनी तिथे सुरुवात केली, पुढे वेन शर्मन यांनी ते काम चालवलं. त्यांच्या हातात एकीकडे दक्षिण चीनकडच्या पीचचे वंशज होते, सौम्य हिवाळ्यात सुखाने फुलणारे. त्यातला ‘ओकिनावा’ हा पीच फळ म्हणून काही नाव घेण्यासारखा नव्हता. लहान फळ, चवही यथातथाच. पण त्याला थंडीची फिकीर नव्हती. दुसरीकडे थंड मुलखातले मोठे, रंगीत, रसाळ पीच. या दोघांचा संकर, त्यातून निवड, पुन्हा संकर, पुन्हा निवड. पीचचं रोप फळायला दोन-तीन वर्षं लागतात, म्हणजे एका निवडीचं उत्तर मिळायला तेवढा काळ. १९८२मध्ये ‘फ्लॉर्डाप्रिन्स’ बाहेर आली, साधारण १५० तास थंडीत भागवणारी. आज ती आणि तिच्या नात्यातल्या जाती इजिप्तपासून पंजाबच्या मैदानापर्यंत लावल्या जातात. टेक्सासची ‘अर्लीग्रांडे’, पंजाबातली ‘शान-ए-पंजाब’ ही नावंही उष्ण हवेतल्या पीचवाल्यांच्या तोंडी असतात. जमिनीखालचा प्रश्नही त्याच विद्यापीठाने सोडवायला घेतला. रेताड, उबदार जमिनीत मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी, म्हणजे धाग्यासारखे सूक्ष्म किडे, पीचचा जीव घेतात. त्यांना दाद न देणारा ‘फ्लॉर्डागार्ड’ हा खुंट, म्हणजे ज्याच्या मुळांवर हव्या त्या जातीचं कलम बांधतात ते रोप, १९९१मध्ये आला. त्याची पानं लालसर असतात. कलमाच्या जोडाखालून खुंटाचा फुटवा आला की रंगावरूनच ओळखू येतो आणि वेळीच काढता येतो. चुनखडीच्या जमिनीत मात्र हा खुंट पिवळा पडतो, त्यामुळे माती तपासल्याशिवाय तो घेऊ नये.

आता भाचीच्या प्रश्नाकडे येते, कारण तिच्या कुंडीत जे घडलं तेच या संशोधकांच्याही वाटेत आडवं आलं होतं. दोन लवकर पिकणाऱ्या झाडांचा संकर करावा तर आई लवकर पिकणारी, म्हणजे बी कच्ची, म्हणजे रोप नाही. त्यामुळे लवकर पिकणाऱ्या झाडाचा उपयोग फक्त पराग घेण्यासाठी व्हायचा. ते बाप होऊ शके, आई नाही. १९३३मध्ये हॅरल्ड ट्यूकी यांनी लवकर पिकणाऱ्या गोड चेरीचे असेच अर्धवट अंकुर कोयीतून काढले आणि निर्जंतुक काचपात्रात, साखर आणि क्षार घातलेल्या थलथलीत माध्यमावर वाढवले. पुढे पीचसाठीही हीच वाट धरली गेली. फळ पिकायच्या सुमारास उतरवायचं, कोय फोडायची, बी निर्जंतुक करायची, धारदार पात्याने साल उघडून तो तांदळाएवढा अंकुर जखम न करता उचलायचा आणि नळीत ठेवायचा. आईच्या पोटात त्याला जे मिळायचं राहिलं ते बाहेरून द्यायचं. मग काही आठवडे थंडीत, कारण पीचच्या बीलाही उगवण्याआधी झोप लागते. पूर्ण पोसलेल्या कोयीही तशाच पेरल्या तर उगवत नाहीत. ओलसर रेतीत किंवा शेवाळात गुंडाळून त्यांना गारव्यात ठेवावं लागतं.

भाचीला मी हे सगळं सांगितलं आणि ती नवी फोडलेली कोय दाखवली. त्या थरथरत्या पाण्यातला अंकुर तिने बराच वेळ पाहिला. ‘‘मग हे बाळ जगलं असतं?’’ तिने विचारलं. जगलं असतं, तसं जपणारं कुणी असतं तर. आपल्या झाडाच्या मागच्या पिढ्यांमध्ये अशीच किती बाळं कुणाच्या तरी काचनळीत वाढली असतील, हेही सांगितलं. तिला ते आवडलं. मला मात्र त्या बोलण्यानंतर झाडाकडे बघताना एक वेगळीच जबाबदारी जाणवायला लागली. ज्याला स्वतःचं पोर स्वतः वाढवता येत नाही असं झाड आपण घडवलं, अंगणात आणून लावलं. मग त्याचं बाकीचं तरी नीट करायला हवं.

त्यातलं सर्वांत कठीण काम म्हणजे विरळणी. कमी थंडीत भागवणारी ही झाडं फुलतात तेव्हा काडी दिसू नये इतकी फुलतात. बहुतेक जाती स्वतःच्याच परागावर फळतात, त्यामुळे प्रत्येक फुलाचं फळ होऊ बघतं. ती सगळी ठेवली तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन-चार पानं येणार आणि हाती कोय जास्त, गर कमी असं काहीतरी लागणार. एका चांगल्या फळामागे साधारण तीस-चाळीस पानांची कमाई लागते. लवकर पिकणाऱ्या फळाकडे पुढे भरून काढायला दिवस नसतात. म्हणून त्याची विरळणी उशिराच्या जातींच्याही आधी, फळं बोटाच्या पेराहून लहान आहेत तोवर उरकायची, आणि दोन फळांत वीतभर अंतर ठेवायचं. लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात हात पुढे होत नाही. मखमली लव आलेली, वाळलेल्या फुलाची टोपी डोक्यावर असलेली इवली फळं एकामागून एक खुडून खाली टाकायची, आणि खाली पडलेली वर राहिलेल्यांपेक्षा जास्त दिसत असताना पुढची फांदी धरायची. मी हे करते, पण मला ते कधीच सवयीचं झालेलं नाही. कुणी म्हणालं, असू दे गं चार जास्त, तर मी ऐकत नाही. चार जास्त ठेवली की सगळीच पाणचट होतात.

मात्र फार विरळ करून वर भरमसाट पाणी दिलं तर दुसरंच होतं. गर इतक्या जोराने फुगतो की पुरती न पिकलेली कोय त्या ओढीने शिवणीवर तडकते. भाचीच्या हाती आलेली कोय तशीच होती. देठाकडून फट पडलेल्या अशा फळात मुंग्या, कीटक, बुरशी शिरते. झाडावर ती फळं इतरांपेक्षा मोठी आणि आधी रंगलेली दिसतात म्हणून हात आधी त्यांच्याकडेच जातो. कोवळ्या कोयीची ही दुसरी किंमत. त्यामुळे फळ भरण्याच्या काळात पाणी कमी नको आणि एकदम जास्तही नको. वाफसा टिकेल इतकं, नेमाने. मुळाशी पाणी साचलेलं तर पीचला अजिबात चालत नाही. गुदमरलेली मुळं भराभर मरतात. उष्ण हिवाळ्यानंतर फळाच्या टोकाला चोच येते, तीही बऱ्याच जणांना रोग वाटते. रोग नाही. थंडी कमी मिळाल्याची ती खूण आहे. ते टोक वाहतुकीत आधी दबतं आणि काळं पडतं, म्हणून मोठ्या बागवाल्यांना ते नको असतं. झाडाखाली उभं राहून खाणाऱ्याला त्याने काही बिघडत नाही.

फळ केव्हा काढायचं यावर माझं मत ठाम आहे. लाल रंगाकडे बघायचं नाही. आजकालच्या जातींत लाली फार आधी चढते, पिकण्याशी तिचा संबंध थोडाच. बघायचा तो त्या लालीखालचा, देठाजवळच्या खळग्यातला रंग. तिथला हिरवेपणा जाऊन पिवळी झाक आली की फळ पाडाला आलं. पांढऱ्या गराच्या जातीत तीच झाक सायीसारखी दिसते. मग तळहातात धरून हलकेच वळवायचं. बोटांनी दाबलं तर त्या जागी डाग पडतो, नंतर तिथूनच सडायला लागतं. पीच झाडावरून काढल्यावर मऊ होतं, वासही चढतो, पण साखर वाढत नाही. ती पानांकडून जेवढी आली तेवढीच. त्यातून लवकरच्या फळात मुळातच साखर थोडी कमी, म्हणून त्याला कच्चं उतरवणं हा मला अन्याय वाटतो.

आणि घरी आणल्यावर कृपा करून ते लगेच फ्रिजमध्ये ठेवू नये. पीचचं एक विचित्र दुखणं आहे : साधारण २ ते ८ अंशांच्या गारव्यात ते काही दिवस राहिलं की आतून बिघडतं. गर कोरडा, भुसभुशीत, कापूस चावल्यासारखा होतो, वास मरतो, कोयीजवळ तपकिरी पडतो. घरातल्या फ्रिजचं तापमान नेमकं याच पट्ट्यात असतं. पीचला चव नसते असं म्हणणाऱ्या कित्येकांनी खरं पीच खाल्लेलंच नसतं, गारव्याने मेलेलं पीच खाल्लेलं असतं. सावलीत, एकमेकांना न टेकवता, देठाची बाजू खाली करून ठेवावं. एक-दोन दिवसांत खोलीत शिरल्याबरोबर कळतं. पूर्ण पिकल्यावर मग वाटलं तर तासभर गार करावं.

लवकरचं पीच कोयीला धरून असतं. उशिराच्या कितीतरी जातींसारखं ते मधून कापून पिळलं आणि दोन वाट्या सुट्या झाल्या, असं होत नाही. ओढाताण केली तर हातात लगदा येतो. उभी चीर देऊन, सुरीचं टोक कोयीपर्यंत नेऊन, पाचराच्या आकाराच्या फोडी एकेक करून सोडवायच्या. कोयीला लागून राहिलेला गर चोखायचा तो करणाऱ्याचा मान. फोडी लगेच तपकिरी पडतात म्हणून लिंबाचा रस चोळायचा. साल काढायला उकळत्या पाण्यात अर्धा-एक मिनिट सोडून गार पाण्यात टाकायचं. पिकलेल्या फळाची साल आपोआप सुटते, कच्च्याची सुटत नाही. पण मी शक्यतो साल काढतच नाही. ओल्या फडक्याने लव पुसली की झालं. रंग आणि आंबटपणा सालीतच जास्त असतो, आणि या फळाला दोन्हींची गरज असते. जॅम करताना सालीसकट शिजवलं की गुलाबी रंग उतरतो. पीचमध्ये घट्टपणा आणणारं पेक्टिन कमीच असतं, तेव्हा लिंबू हात राखून न घालता भरपूर घालावं. माझा आवडता प्रकार मात्र ओव्हनचा आहे. फोडी पसरून, वर थोडी साखर भुरभुरवून, कडा काळसर होईपर्यंत भाजायच्या. जादाचं पाणी उडून जातं आणि जी चव फळात विखुरलेली होती ती एका जागी येते. भाजलेल्या फोडी गोठवून ठेवल्या तर पुढे कितीतरी दिवस पुरतात. कोयीतली बी मात्र खायची नाही, चवीलासुद्धा नाही. तिच्यातलं अमिग्डालिन पोटात गेल्यावर सायनाइड सोडतं.

फळं उतरून झाली की पुष्कळ जण झाडाकडे पाठ फिरवतात, आणि मला सगळ्यांत जास्त राग याचाच येतो. लवकरच्या झाडाचं फळ संपतं तेव्हा त्याच्यापुढे अख्खा उन्हाळा पडलेला असतो. पीच फळतं ते गेल्या वर्षी वाढलेल्या काडीवर, आणि पुढच्या वर्षीच्या फुलांचे डोळे त्या काडीवर याच काळात घडतात. म्हणून तोडणी झाली की लगेच छाटणी, मधला गाभा मोकळा करून, ऊन आतल्या काड्यांपर्यंत पोचेल अशी. उभे सरळ वर गेलेले फुटवे काढायचे, आडव्या निरोगी काड्या राखायच्या. मग खत आणि पाणी, फळ नसतानाही, तेवढ्याच मायेने. दमट हवेत पानांवर तांबेरा येतो तोही याच दिवसांत. पानांच्या पाठीवर तपकिरी भुकटी दिसली की लगेच लक्ष घालायला हवं. दुर्लक्ष केलं तर पानं वेळेआधी झडतात, झाड चकतं आणि थंडीच्या आधीच फुलून बसतं. त्या अवेळी उघडलेल्या फुलांची फळं होत नाहीत, आणि वसंतातल्या बहरातून तेवढी फुलं कायमची वजा होतात.

डोळे भरायला, म्हणजे एका झाडाचा डोळा खुंटावर बसवून कलम करायलाही हाच काळ बरा. काडीवरची पानं छाटून फक्त देठ ठेवायचे, खुंटाच्या सालीवर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर द्यायची, साल हलकेच उचलून डोळा आत सरकवायचा आणि पट्टीने घट्ट बांधायचा. दोन-तीन आठवड्यांनी देठाला बोट लावल्यावर तो सहज गळून पडला तर डोळा जगला, वाळून चिकटून बसला तर गेला. लवकरच्या पीचचा वंश घरच्या माणसाला असाच वाढवता येतो. यंदा आमच्याकडे खुंटाची तीन रोपं तयार आहेत, आणि त्यातल्या एकाला भाचीने आधीच आपलं म्हणून दोरा बांधून ठेवला आहे.